अब्बांची पाठ आणि बावीस पायऱ्या

अब्बांच्या पाठीवर बसायचा मला राग यायचा, हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. पन्नाशी आता चार पावलांवर आली. अब्बांना नीट ऐकू येत नाही, आणि हे वाचून दाखवलं तरी ते "हां हां, चांगलं लिवलंस" म्हणून मान हलवतील. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. गावात कुणी जुनं माणूस भेटलं की अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतं, "काय बाप गं तुझा! रोज पाठीवर घालून शाळेत न्यायचा." मी हसते. खोटं थोडंच आहे ते? पण त्या पाठीवरच्या पोरीला कुणी कधी विचारलं नाही, की बाई गं, तुला तिथून काय दिसत होतं. मला दिसायची ती अब्बांची घामानं भिजलेली कॉलर, आणि शेजारून धडाधडा वर पळत जाणारी माझ्याच वर्गातली पोरं. मला बघून ती जरा भिंतीला चिकटायची, वाट द्यायची, आणि मग पुन्हा पळायची.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतपासून थोडं आत, द्राक्षांच्या बागांमधलं. गावाचं आणि शाळेचं नाव मी लिहिणार नाही. त्या शाळेनं माझ्यावर अन्याय केला आणि त्याच शाळेनं मला उभंही केलं, दोन्ही खरं आहे. पण नाव लिहिलं की लोकांच्या लक्षात फक्त पहिलं राहतं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आमचं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर यायचा, आणि हंगामात शेजारच्या कोल्ड स्टोरेजचं यंत्र घूं घूं करत असायचं. ते बंद पडलं की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. अब्बा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते, पण माल भरायचा आणि उतरवायचाही तेच. अम्मी पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायची. छोट्या कात्रीनं घडातले खराब मणी कापून काढायचे आणि घड डब्यात भरायचा, हे तिचं काम. संध्याकाळी ती पदराला गाठ मारून सुटे मणी घेऊन यायची. आम्ही ते बाजरीच्या भाकरीबरोबर, लसणाची चटणी तोंडी लावून खायचो. उरलेले ती पत्र्यावर वाळत घालायची. त्याचे बेदाणे काळे व्हायचे, पण इतके गोड, की बाजारातले पिवळेधमक बेदाणे मला अजून फिकेच वाटतात. अब्बा-अम्मी आपसात हिंदी बोलत. माझ्याशी मात्र दोघं हट्टानं मराठीतच बोलायचे, कारण माझी शाळा मराठी होती.

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय पार गेला, उजवा थोडा वाचला. डाव्या पायाला कॅलिपर होता, म्हणजे मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या असलेला बूट, आणि काखेत एक कुबडी. गुडघ्याजवळ एक कडी असायची. बसताना ती काढायची, उठताना लावायची, दोन्ही वेळा खट् असा आवाज. चुलीपुढं बसलेली अम्मी त्या आवाजावरून सांगायची, "जुबी उठली." सपाट जमिनीवर मी कुणाच्या बापाला ऐकत नव्हते. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत मी माझी माझी जायची, उशीर व्हायचा पण जायची. पहिलीपासून नववीपर्यंतचे वर्ग खाली होते, त्यामुळं माझं सगळं बरं चाललं होतं. घोडं अडलं ते दहावीत.

आमच्या शाळेत दहावीचा वर्ग वर भरायचा. वर ती एकच खोली होती. फार पूर्वी त्या खोलीत बसलेला एक मुलगा तालुक्यात पहिला आला होता, आणि तेव्हापासून ती खोली दहावीला लाभते, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं. भिंतीवर काळी पाटी होती, तीवर दरवर्षीच्या पहिल्या आलेल्या मुलाचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं. नंतर खाली नव्या खोल्या बांधल्या, वरची पावसात गळायची, तरी दहावी वरच. आमचे हेडमास्तर देवरे सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. अंधश्रद्धेवर तासभर बोलायचे आणि त्याच खोलीत चढून जायचे. जिन्याला बावीस पायऱ्या होत्या, कठडा नव्हता, आणि गवंड्यानं बहुतेक डोळे मिटून बांधल्या होत्या, एक पायरी वीतभर तर दुसरी दीड वीत.

देवरे सर माणूस म्हणून फार चांगले. मला पाचवीत त्यांनी स्वतःचं शाईचं पेन दिलं होतं. दहावी सुरू व्हायच्या आधी ते आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि हळूच म्हणाले, "जुबेदाचा आपण सतरा नंबरचा फॉर्म भरू या. शाळेत यायला नको, घरी बसून अभ्यास करायचा, मार्चमध्ये परीक्षेला बसायचं. तिची मैत्रीण सुनीता वह्या आणून देईल. कशाला पोरीचे हाल?" सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा. आमच्या गल्लीत दोन जणींनी तो भरला होता. दोघींची लग्नं झाली, परीक्षा काही झाली नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तेवढ्यात अब्बा म्हणाले, "सर, मी दिवसाला दीडशे कॅरेट उचलतो टमाट्याचे. ही तर माझी पोर हाय. मीच नेईन वर." सरांनी चष्मा काढून पुसला. अम्मी रडली. त्या दिवशी मला अब्बा साऱ्या दुनियेत मोठे वाटले, हेही लिहायला पाहिजे.

मग रोजचं सुरू झालं. जिन्याशी अब्बा वाकायचे, मी त्यांच्या गळ्यात हात टाकायची, ते दोन्ही हात मागं नेऊन बोटांत बोटं अडकवायचे आणि त्यावर मला तोलून चढायचे. सुनीता मागून माझी कुबडी आणि दप्तर आणायची. वर मला बाकावर ठेवून अब्बा टेम्पोवर जायचे, ते पाच वाजता शाळा सुटल्यावर यायचे. कधी माल उतरायला उशीर झाला की साडेपाच, सहा. मधल्या सुट्टीत सगळी पोरं खाली पळायची आणि मी खिडकीतून त्यांची टाळकी बघत डबा खायची. पाण्याचा माठ खाली. मुलींची मुतारीही खाली, मैदानाच्या टोकाला. तेव्हा मी माझ्यापुरता एक उपाय शोधून काढला: सकाळी उठल्यापासून पाणीच प्यायचं नाही. चहा घोटभर, भाकरी कोरडी. महिन्याभरात लघवीला आग व्हायला लागली. अम्मीला वाटलं उन्हाळी लागली. ती रोज सकाळी धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची, आणि मी ते तिची पाठ वळली की मोरीत ओतायची. आईनं प्रेमानं दिलेलं पाणी मी रोज ओतत होते, त्याची लाज मला अजून वाटते.

हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर गायकवाड मॅडमच्या. त्या अपंग मुलांच्या फिरत्या शिक्षिका होत्या. महिन्यातून एकदा मोपेडवरून यायच्या, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, पिशवीत सामान कमी आणि कागद जास्त. बावीस पायऱ्या चढून आल्या, धापा टाकत माझ्या बाकावर बसल्या आणि माझ्या ओठांकडे बघून म्हणाल्या, "पाणी कधी प्यायलीस?" मी म्हटलं, "आत्ताच." त्या म्हणाल्या, "माठ तर खाली आहे." मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. नंतर पिशवीतून झेरॉक्सचे कागद काढले. अपंगांसाठी नवा कायदा आला होता, त्याची मराठी पानं होती ती. अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, शाळांच्या इमारतींतले अडथळे दूर केले पाहिजेत, असं त्यात छापलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं. सरकारनं छापलेल्या कागदात माझा जिना कसा काय आला, याचंच मला नवल वाटलं.

"देवरे सर दयाळू आहेत म्हणून मागायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझं आहे म्हणून मागायचं. दहावीचा वर्ग खालच्या खोलीत भरवावा, असा अर्ज लिही. वडिलांची सही घे. आणि अर्ज दिला की पोच घ्यायची, म्हणजे मिळाल्याचा शिक्का आणि सही आपल्या प्रतीवर. पोच नाही तर अर्ज नाही, लक्षात ठेव." आज मी नाशिकला सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. समोरच्यानं मागायच्या आत मी पोच देते, आणि शेजारचे साहेब हसतात, "जुबेदाबाई, एवढी घाई कशाला?" त्यांना काय सांगणार?

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला, सरांनी दिलेल्या पेनानंच. अब्बांनी तो अम्मीकडून वाचून घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "सरांच्या विरोधात अर्ज?" मी म्हटलं, विरोधात नाही, फक्त वर्ग खाली आणायचा. "का? माझ्या पाठीला काय झालं? मी कधी नाय म्हटलं? एक दिस तरी खाडा केला?" मी म्हटलं, "अब्बा, जानेवारीत द्राक्षं सुरू झाली की तुम्ही पहाटेपासून बागेत. मग मला कोण नेणार? बोर्डाच्या तोंडावर दोन महिने मी घरात बसणार. म्हणजे पुन्हा सतराच नंबर." ते म्हणाले, "तवाचं तवा बघू. मी हाय ना." आणि कागद घडी करून त्यांनी मला परत दिला. पाण्याचं मात्र मी बोलले नाही. बापाशी ते कसं बोलायचं, आमच्याकडं बोलतच नाहीत. तीच माझी चूक झाली.

आणि मग शाळेनं काय केलं असेल? जिना तिथंच, वर्ग तिथंच, आणि अब्बांचा सत्कार ठरवला. पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, शाल आणि श्रीफळ देऊन. सर घरी येऊन स्वतः सांगून गेले. अम्मीनं अब्बांचा सदरा नीळ घालून धुतला. अब्बांचा आयुष्यातला पहिला सत्कार होता तो, कुणाला नको होईल? मी तोंड उघडलं नाही. मैदानात तात्पुरतं स्टेज बांधलं होतं, त्यालाही चार पायऱ्या. नाव पुकारलं तसे अब्बा एकटेच निघाले, तर माइकवरून सर म्हणाले, "चाचा, जुबेदाला घेऊन या. रोज आणता तसंच. फोटो चांगला येईल." अख्खी शाळा, अख्खं गाव बघत होतं. अब्बा परत आले, वाकले. मी चढले.

स्टेजवर सरपंच शाल उघडून उभे राहिले आणि तिथंच अडले. अब्बांच्या खांद्यांवर मी होते, शाल घालायची कुठं? त्यांनी एकदा या बाजूनं बघितलं, एकदा त्या बाजूनं, आणि शेवटी ती माझ्याच पाठीवर टाकली. नारळ द्यायला गेले तर अब्बांचे दोन्ही हात माझ्याखाली अडकलेले. मग नारळही माझ्याच हातात आला. लोक हसले, प्रेमानंच हसले, टाळ्या वाजवल्या. देवरे सरांनी माइक अब्बांच्या तोंडाशी धरला, "दोन शब्द बोला." अब्बांना दोन शब्दही सुचेनात, ते नुसते "मेहरबानी" म्हणाले. माइक तिथंच होता, माझ्या हनुवटीखाली. मी ठरवून काही केलं नाही, शप्पथ. पण ती शाल उकडत होती, सकाळपासून घशात कोरड होती, आणि मला एकदम असह्य झालं. मी म्हटलं, "सर, आमचा वर्ग खाली आणा. मला वरून मुतारीला जाता येत नाही. म्हणून मी दिवसभर पाणी पीत नाही."

लाऊडस्पीकर शाळेचा होता, पण ऐकू गेलं ते वेशीपर्यंत. टाळ्या थांबल्या. कुणीतरी मुलगी फिस्सकन हसली आणि तिला तिच्या आईनं चापट मारली. अब्बांची पाठ माझ्या पोटाखाली दगडासारखी घट्ट झाली, ते मला अजून जाणवतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. हळूहळू चार पायऱ्या उतरले, मला खुर्चीवर ठेवलं आणि फाटकातून निघून गेले. घरी अम्मीनं मला इतकंच विचारलं, "धने-जिऱ्याचं पाणी?" मी मोरीकडं बोट दाखवलं. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. तो नारळ फळीवर ठेवला, त्याच्याकडं कुणी बघेना.

त्यानंतर किती दिवस अब्बा माझ्याशी बोलले नाहीत, मी मोजले नाहीत. बोलले नाहीत, पण नेलं रोज. सकाळी वाकायचे, मी चढायची, बावीस पायऱ्या, वर ठेवायचे, जायचे. रागावलेल्या माणसाच्या पाठीवर बसून जाण्याइतकं वाईट मी दुसरं काही केलेलं नाही. मला वाटायचं, भर गावात बापाची इज्जत घालवली मी. सुनीताला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तू खरं बोललीस की खोटं?" मी म्हटलं, खरं. "मग रड आता, पण माफी नको मागू." सुनीता असली होती.

एका संध्याकाळी अब्बा घरी आले आणि दारातच उंबऱ्यावर बसले. टोमॅटोचा हंगाम जोरात होता, कपडे लाल डागांनी भरलेले. अम्मीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "आज सकाळपासून मी पाणी नाय पेलो. एक घोट नाय. म्हटलं, बघू तरी." आवाज अगदी कोरडा होता. "दुपारी मार्केटात डोळ्यापुढं अंधारी आली. हमाल म्हणले, चाचा, पाणी प्या. म्हटलं, पाच वाजू द्या." मग म्हणाले, "रोजा धरतो मी दरसाल. तवा एवढा त्रास नाय होत, अल्लासाठी असतो ना. तू कुणासाठी धरत होतीस, बेटा?"

मला हुंदका आवरेना, अम्मीलाही आवरेना. अब्बांनी तांब्या माझ्याकडं सरकवला, "आधी तू पी," म्हणाले, आणि मग, "दे तो कागद." दप्तरात अर्ज तसाच घडीत होता. तो मांडीवर ठेवून अब्बांनी सही केली. त्यांना फक्त स्वतःचं नाव लिहिता यायचं. एकेक अक्षर कोरून काढलं.

दुसऱ्या दिवशी ते मला वर नेण्याआधी ऑफिसात गेले. मी कुबडीवर शेजारी उभी. सरांनी अर्ज वाचला, झेरॉक्सची पानं उलटून पाहिली, आणि म्हणाले, "अहो, त्या दिवसापासून माझ्या मनात आहेच. पण पालक ऐकत नाहीत. निकाल खाली आला तर मला जबाबदार धरतील. ठेवा अर्ज, बघतो मी." अब्बांनी आयुष्यात कुणाकडं कागदाचा तुकडा मागितला नव्हता. मालकानं सांगावं, यांनी मान डोलवावी, असा माणूस. मी वाटेत सांगून ठेवलं होतं, तसं ते म्हणाले, "सर, पोच द्या." सरांचा चेहरा उतरला. "चाचा, माझ्याकडं पोच मागता? माझ्यावर विश्वास नाही?" "इश्वास हाय सर," अब्बा म्हणाले. "लय हाय. पन पोच द्या." सरांनी शिक्का मारला. खाली सही केली. त्यांना वाईट वाटलं, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि तरी शिक्का हवाच होता.

एका शनिवारी वर्ग खाली आला. तांदळाची पोती आणि मोडके बाक ठेवायची खोली रिकामी केली, मुलांनी बाक ओढत ओढत उतरवले, सगळा जिना दणाणला. काही पालकांनी आरडाओरडा केला. पहिल्या नंबरांची पाटी मात्र वरच राहिली, तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मुतारीच्या उंबऱ्याशी शिपाईमामांनी विटांची पायरी केली आणि धरायला एक पाइप ठोकला. उताराचा रस्ता म्हणाल तर तो फार वर्षांनी झाला, आणि तोही इतका चढाचा, की चाकाच्या खुर्चीवरचं पोर एकट्यानं चढू शकत नाही. आता कायदाही नवा आहे आणि आम्हाला नावही नवं मिळालंय, दिव्यांग. सत्कार अजून होतात. परवाच पेपरात एक फोटो पाहिला, लेकराला कडेवर घेतलेली आई आणि तिला शाल घालणारे पाहुणे. मी पेपर उलटा करून ठेवला.

सोमवारी अब्बा नेहमीसारखे माझ्याबरोबर शाळेपर्यंत आले. फाटकातून आत शिरताच, जिना लांब असूनही, सवयीनं वाकले. मी म्हटलं, "नको, अब्बा." ते सरळ झाले. "हां. हां, खरंच की," म्हणाले आणि तिथंच थांबले. मी मैदान ओलांडलं. घंटा झाली होती, पोरं पळून गेली होती, आणि कॅलिपरचा आवाज मला एकटीला ऐकू येत होता. वर्गाच्या दाराशी स्टुलावर माठ ठेवला होता. मी कुबडी भिंतीला टेकवली, ग्लास भरला आणि प्यायले. मग मागं वळून पाहिलं. अब्बा अजून फाटकातच उभे होते. जायची वेळ झाली होती, टेम्पो बाहेर चालूच होता. त्यांचे दोन्ही हात पाठीमागं होते, बोटांत बोटं अडकवलेली असणार, जशी रोज असायची तशीच. त्यांना ते कळलंही नसावं. मी दुसरा ग्लास भरला आणि तोही त्यांच्या देखत संपवला.